खांद्याची कड

ज्यांच्या खांद्यातली कड फाटली आहे आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरतं आहे, किंवा नुकतंच झालं आहे, त्यांच्यासाठी हे मनन आहे. कराडच्या दाराशी, मलकापुरात, रुग्णालयाच्या एखाद्या खोलीत एमआरआयचं पाकीट उशाशी ठेवून बसलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढे आहे. सोबत आई असेल, बायको असेल, तालमीतला एखादा जोडीदार असेल. त्यांच्यापैकी कुणी हे सावकाश वाचून दाखवलं तर उत्तम, म्हणजे तुम्हाला डोळे मिटता येतील. मध्येच झोप लागली तर लागू द्या. खांदा दुखणाऱ्या माणसाची झोप आधीच तुटलेली असते.

पाठीला भिंतीचा टेकू घ्या. दुखऱ्या बाजूच्या कोपराखाली एक उशी सरकवा, म्हणजे हाताचा भार उशीवर उतरेल. एका हाताचं वजन तीन किलोच्या आसपास सहज भरतं आणि जागेपणी बराचसा वेळ ते खांद्याला लोंबत असतं. आपल्याला त्याची कधी आठवणही होत नाही. आता ते उशीकडे सोपवा. श्वास मुद्दाम लांबवू नका. तो येतो तसा येऊ द्या आणि प्रत्येक सोडलेल्या श्वासासरशी मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंतचा ताणलेला स्नायू थोडा खाली बसतो का, एवढंच पाहा. बसत नसेल तर नसू दे. दुखऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू पहाऱ्यावर असतात, ते सांगून लगेच हटत नाहीत.

चांगल्या हाताचा तळवा हलकेच त्या खांद्यावर ठेवा. बाहेरच्या टोकाला हाडाचा एक कठीण कोपरा लागेल. त्याच्या खालची भरदार गोलाई स्नायूची आहे. खरा सांधा त्याच्याही आत, बोटाला न लागणारा. जिथे फाटलं आहे तिथे तुमचा हात पोचणार नाही, पण लक्ष पोचेल. ते तिथे नेऊन ठेवा आणि थोडा वेळ काहीच करू नका.

आता या हाताने आजवर काय काय केलं ते आठवा. उसाची मोळी डोक्यावर चढवली. एसटीत दांडा धरून उभ्याने घाट उतरला. माळ्यावरचा डबा काढला, पाठीमागे हात नेऊन वेणी घातली, लेकराला डोक्याच्या वर उचलून हसवलं, देवळात शिरताना घंटा वाजवली. वर, मागे, बाहेर, आत, गोल: शरीरातला दुसरा कुठलाही सांधा इतक्या दिशांना जात नाही. खुब्याचा सांधा बघा. तिथे मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत बसलेला असतो, म्हणून तो भक्कम असतो आणि म्हणूनच तो हाताइतका फिरत नाही. खांद्यात मात्र दंडाच्या हाडाचा मोठा गोळा एका उथळ बशीला टेकलेला असतो. कुठल्याही क्षणी त्या गोळ्याचा पाव ते एक तृतीयांश भागच बशीला लागून असतो. बाकीचा उघडा. एवढ्याशा आधारावर आपण आयुष्यभर ओझी उचलतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

या उथळ बशीच्या काठाला चहूबाजूंनी एक चिवट, मऊ कड असते. कूर्चा आणि तंतू मिळून झालेली. डॉक्टर तिला लॅब्रम म्हणतात. उंची फार नाही, मोजायची ती मिलिमीटरमध्ये. पण बशीच्या एकूण खोलीत जवळपास निम्मी भर तिचीच असते. गोळा सरकू लागला की ती त्याला अडवते. सांध्याला पुढून बांधून ठेवणारे बंध तिलाच चिकटलेले असतात आणि वरच्या बाजूला दंडाच्या बेटकुळीच्या स्नायूची लांब दोरी तिच्यापाशीच रुजलेली असते. हाडांनी जे काम सोडून दिलं ते या कडेने, बंधांनी आणि भोवतीच्या स्नायूंनी मिळून उचललं आहे. खांदा म्हणजे ही सततची सांभाळणूक आहे. इतकी वर्षं ती तुमच्या नकळत चालू होती. एक श्वास त्या न दिसलेल्या कामासाठी घ्या.

या कडेला रक्त मिळतं ते बाहेरच्या, हाडाला चिकटलेल्या बाजूने. आतल्या पातळ काठापर्यंत ते फारसं पोचत नाही. पुढे आठवड्यांचा हिशेब येईल तेव्हा ही गोष्ट लक्षात असू द्या.

कड फाटते कशी? महामार्गावर दुचाकी घसरते, माणूस हात पुढे टेकून पडतो आणि गोळा बशीवरून पुढे निसटतो. जाता जाता कडेचा पुढचा-खालचा भाग हाडापासून सोलून नेतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात मागे अडकतो. तालमीत ढाक मारताना पकड सुटत नाही आणि दोन माणसांचं वजन एका खांद्यावर येतं. भालाफेक किंवा गोलंदाजी करणाऱ्यांत एकच मोठा धक्का बसलेला नसतो, पण हजारो फेकींनी वरची कड उसवत जाते. लंडनचे शल्यचिकित्सक बँकार्ट यांनी १९२३ साली ठामपणे मांडलं की वारंवार निखळणाऱ्या खांद्यातला मूळ दोष म्हणजे पुढची कड हाडापासून सुटणं. शंभर वर्षं झाली, तरी त्या जखमेला त्यांचंच नाव आहे. वरची कड बेटकुळीच्या दोरीसकट सुटते त्या प्रकाराला १९९० साली अमेरिकेतल्या स्टीफन स्नायडर यांनी 'स्लॅप' हे नाव दिलं. तुमच्या रिपोर्टात या दोहोंपैकी एखादं नाव असेल. दोन्ही जखमा एकाच कडेच्या, पण त्यांची वाट वेगळी आहे. घरच्यांनी हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं.

इथे थोडं थांबा आणि भीतीकडे पाहा.

ज्याचा खांदा एकदा निखळला आहे त्याला ही भीती ओळखीची असते. हात बाजूला वर नेऊन मागे फिरवायला गेलं की एका ठरावीक जागी आतून नकार येतो. दुखतंच असं नाही. 'आता निसटणार' असं वाटतं आणि हात आपोआप मागे येतो. डॉक्टर तपासतानाही हेच करतात. तुम्हाला उताणं झोपवून हात त्या जागेकडे हळूहळू नेतात आणि त्या वेळी त्यांची नजर तुमच्या चेहऱ्याकडे असते. चेहऱ्यावर ती भीती उमटली की त्यांना बरंच काही कळतं. यंत्रांच्या या काळातही निदानाचा मोठा भाग रुग्णाच्या चेहऱ्यावर वाचला जातो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुम्हाला कुणी भित्रा म्हटलं असेल तर ते मनातून काढून टाका. कड जे काम करू शकत नाही ते काम सध्या तुमची भीती करते आहे. आत्ता हात हलवू नका. फक्त मनात तो त्या जागेपर्यंत न्या, नकार जिथे येतो ती जागा ओळखा आणि तिथूनच परत या.

मग प्रश्न येतो: ऑपरेशन करायचं का?

तुम्ही विशीच्या आसपासचे असाल, कुस्ती, कबड्डी खेळत असाल, आणि खांदा पुढे निखळला असेल, तर तो पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. प्रत्येक वेळी तो निखळला की बशीचं हाड थोडं झिजू शकतं. तिथे कड पुन्हा हाडाला बसवण्यात अर्थ आहे. पण चाळिशी-पन्नाशी आलेली असेल, खांदा कधीच निखळलेला नसेल, दुखतं म्हणून एमआरआय काढला आणि त्यात वरची कड फाटलेली दिसली, तर घाई करू नका. या वयात काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयतही अशी फाट सर्रास दिसते. डोक्यावर केस पांढरे व्हावेत तसं आतही काही होत असतं. नॉर्वेत ऑस्लो इथे ११८ रुग्णांवर याची परीक्षा झाली आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वरच्या कडेला दुखापत असलेल्या या रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाची कड शिवली, दुसऱ्यात बेटकुळीची दोरी सोडवून हाडाला बसवली आणि तिसऱ्या गटात दुर्बीण आत घालून फक्त पाहिलं, त्वचेवर छेद घेतले, दुरुस्ती काहीच केली नाही. कुणावर काय केलं हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी तिन्ही गटांच्या सुधारणेत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

हे वाचून ऑपरेशनवरचा विश्वास उडायला नको. हा निष्कर्ष वरच्या कडेचा आहे, निखळणाऱ्या तरुण खांद्याचा नाही. पण त्यातून एक गोष्ट मनाशी धरून ठेवण्यासारखी आहे. त्या तिसऱ्या गटातल्या माणसांनाही हात जपायला सांगितला गेला, व्यायाम करवून घेतला गेला, महिनोनमहिने त्यांच्या खांद्याकडे कुणीतरी लक्ष दिलं, आणि त्यांनाही बरं वाटलं. टाक्यांइतकंच, कधी टाक्यांहून अधिक, हे लक्ष काम करतं असं मला वाटू लागलं आहे. तेव्हा डॉक्टरांना विचारा: माझी कुठली कड, कुठल्या बाजूची, आणि काही महिने नुसता व्यायाम करून पाहिला तर काय बिघडेल? चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

ठरलं असेल, तर ऑपरेशनच्या खोलीतूनही एकदा शांतपणे जाऊन येऊ. तुम्ही झोपलेले असाल, त्यामुळे हे तुम्हाला दिसणार नाही. आधी कळलेलं बरं.

रात्रीपासून उपाशीपोटी. भूलतज्ज्ञ मानेच्या बाजूला, हाताकडे जाणाऱ्या नसांभोवती औषध सोडतात. हात जड होतो, मग जणू आपला नसतोच. काही तास तो असाच राहील, घाबरायचं नाही. मग पूर्ण भूल. तुम्हाला कुशीवर झोपवतात किंवा खुर्चीत रेलल्यासारखं अर्धवट बसवतात. खांद्याच्या मागच्या बाजूला, मघाशी बोटाला लागलेल्या हाडाच्या कोपऱ्यापासून दोनेक सेंटिमीटर खाली, एक छोटा छेद. त्यातून पेन्सिलीहून बारीक, चार मिलिमीटरची दुर्बीण आत जाते. तिच्या टोकाची काच तिरपी असते, म्हणून नळी जागेवर ठेवून नुसती फिरवली तरी कोपऱ्यापलीकडचं दिसतं. पुढून आणखी एक-दोन छेद, हत्यारांसाठी.

सांध्यात सलाईन सोडून तो फुगवतात आणि पाण्याचा दाब कायम ठेवतात. मलकापूरच्या माणसाला हे चटकन समजेल. या गावाने मीटरवर चोवीस तास पाणी देऊन दाखवलं, आणि नळात सतत दाब असला की बाहेरचं गढूळ पाणी फटीतून पाइपात शिरत नाही. सांध्यातही तसंच आहे. दाब टिकला तर बारीक रक्तवाहिन्या वाहत नाहीत आणि पाणी नितळ राहतं. दाब पडला की पडदा लाल होतो आणि सर्जनला थांबावं लागतं.

त्या नितळ पाण्यात तुमची कड तरंगताना दिसते. सर्जन एका आकड्याने तिला चाचपतो: कुठवर धरून आहे, कुठून सुटली आहे. मग बशीचा काठ खरवडतो, हाडातून थोडं रक्त येईपर्यंत. हे ऐकायला क्रूर वाटतं, पण सगळं त्यावरच आहे. कोरड्या हाडाला काही चिकटत नाही. काठावर बारीक भोकं पाडून त्यात अँकर, म्हणजे बारीक खुंट्या, बसवतात. त्यांना जोडलेला धागा कडेतून ओवून घेतात, कड हाडावर ओढून आणतात आणि गाठ मारतात. तीन-चार अँकर पुरतात बहुतेकदा. बाहेर त्वचेवर दोन-तीन टाके. सर्जनचं काम संपलं.

कड जोडली गेली का? नाही. ती फक्त आपल्या जागी आणून धरली आहे.

ही धरून ठेवण्याची कला किती नवी आहे याचा विचार करताना मला गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव आठवतात. इथून जवळच त्यांचं गाव. १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी गावाने वर्गणी काढली होती, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवलं होतं. त्या गटात सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांना मिळालं. पुढच्या ऑलिंपिकसाठी तयारी करताना खाशाबांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ते स्वप्न तिथेच थांबलं.

त्याच जपानमध्ये सांध्याच्या आत डोकावण्याचा ध्यास एका गुरू-शिष्याच्या जोडीने घेतला होता. क्षयाने आखडलेला गुडघा घेऊन जपानी माणसाला जमिनीवर बसता येत नसे, आणि तिथे जमिनीवर बसता न येणं म्हणजे चारचौघांतून उठणं. आपल्याकडे पंगतीला मांडी घालता येईनाशी झालेल्या म्हाताऱ्याला हे दुःख कळेल. केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय पाहायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी नळीमागून नळी बनवत १९५०च्या दशकाच्या अखेरीस एकविसाव्या क्रमांकाची दुर्बीण सिद्ध केली आणि १९६२ साली तिच्या मदतीने एका मुलाच्या गुडघ्यातला फाटलेल्या कूर्चेचा तुकडा काढला. खाशाबांचा गुडघा दुखावला तो या वर्षांच्या थोडंच आधी. खांद्याची कड दुर्बिणीतून बसवणं तर १९८०च्या दशकापासूनचं. मलकापुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं १९८४ साली. त्याआधी या भागात मोठं दुखणं म्हणजे मिरज, जिथे डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडलं होतं, नाहीतर पुणे-मुंबई. उतरलेल्या खांद्याचा मल्ल हाडवैद्याकडून तो बसवून घ्यायचा, हळद-तेल लावायचा आणि काही दिवसांनी पुन्हा मातीत उतरायचा. किती जणांचे खांदे असे पुन्हा पुन्हा उतरून शेवटी तालीम सुटली असेल. त्यांची कुठे नोंद नाही. त्या अनाम मल्लांसाठी क्षणभर थांबावंसं वाटतं. थांबू या.

आता ते आठवडे, ज्यांच्यासाठी खरं तर हे सगळं लिहिलं.

हात गळ्यातल्या पाऊचमध्ये, अंगाशी. चार ते सहा आठवडे. या काळात आत काय चाललं आहे ते डोळ्यांपुढे आणा. पहिले काही दिवस सूज: रक्त आलं आहे, पेशी जमत आहेत, पडझड साफ होते आहे. मग त्या खरवडलेल्या हाडातून नव्या पेशी कडेकडे सरकतात आणि तंतू घालू लागतात. सुरुवातीचे तंतू कच्चे, कसेही पडलेले. सहाव्या आठवड्यातही बराचसा भार धागाच पेलत असतो. बाराव्या आठवड्याच्या सुमारास ऊती स्वतः धरू लागते. त्यानंतर महिनोनमहिने जुने तंतू काढून पक्के तंतू ओढीच्या दिशेने बसवले जातात. सर्जनला लागला तास-दीड तास. तुमच्या शरीराला लागणार आहे जवळजवळ अर्धं वर्ष, आणि ते काम पडद्यावर दिसणार नाही.

म्हणून निवांत बसण्याला रिकामं बसणं समजू नका. उसाची तोड चालू आहे, घरात हात कमी पडतो आहे, आणि धडधाकट माणूस खुर्चीत बसून आहे, ही बोच मोठी असते. विशेषतः ज्याच्या हातावर पोट आहे त्याला. ती बोच आली की खिडकीतून आगाशिवच्या डोंगराकडे पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे खडकात खोल्या कोरल्या गेल्या, आत झोपायला दगडी ओटे ठेवले. पावसाळाभर भिक्षू एका जागी राहत. ते बसणंही त्यांच्या कामाचाच भाग होतं.

रात्र कठीण जाईल. आडवं पडलं की खांदा मागे पडतो, म्हणून पाठीशी उशा रचून अर्धवट बसून झोपा, कोपराखालीही एक उशी. दुखणं आलं की त्याला आकार द्या: ठणका आहे, ओढ आहे की जळजळ? कुठून कुठवर? इतकं पाहिलं की ते 'सगळा हात' राहत नाही, एका जागेचं होतं. गोळी वेळेवर घ्या. सहन करण्याला इथे बक्षीस नाही. आणि बोटं फुगली, निळी पडली, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं, तर मनन बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

आंघोळ दुसरं कुणी घालेल. शर्टाची गुंडी दुसरं कुणी लावेल. भाकरीचा तुकडा एका हाताने मोडत नाही, तोही कुणी मोडून देईल. मोठ्या माणसाला याची लाज वाटते. पहिलवानाला तर फारच. पण तुमच्या खांद्याकडेच पाहा: तो कधीच एकट्या हाडाच्या जोरावर उभा नव्हता. आईचा हात गुंडीपाशी येईल तेव्हा मान खाली न घालता तिच्याकडे पाहा.

मग पाऊच निघेल. हात बारीक झालेला दिसेल, कोपर आखडलेलं असेल. फिजिओ पुढे वाकून हात नुसता लोंबता सोडायला सांगतील, मग काठीच्या मदतीने थोडा वर, मग रबरी पट्टा. प्रगती बोटा-बोटाने. क्रिकेटपटू श्रेयस अय्यरचा डावा खांदा २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर चेंडू अडवताना निखळला, ८ एप्रिलला ऑपरेशन झालं, सप्टेंबरात तो पुन्हा खेळला आणि नोव्हेंबरात कानपूरला कसोटी पदार्पणात शतक काढलं. त्याच्या दिमतीला दिवसरात्र तज्ज्ञ होते, तरीही मधले पाच महिने कुणाला कमी करता आले नाहीत. कुस्तीत दुसऱ्याचं वजन खांद्यावर घ्यायचं असतं, तिथे सहा महिने किंवा जास्तही लागतात. काहींना पूर्वीची ताकद येते, काहींना थोडी कमी. वस्तादांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तालमीत परतल्यावर जोर किती मारायचे हे ते घड्याळ बघून नाही, तुमच्याकडे बघून ठरवतील.

चैत्रात यात्रांचे दिवस येतील, गावोगाव मैदानं भरतील, कुणीतरी जोड ठरवायला येईल. त्याआधी डॉक्टरांकडे जा. ते पुन्हा तुम्हाला उताणं झोपवतील, हात बाजूला वर नेऊन मागे फिरवतील आणि तुमच्या चेहऱ्याकडे पाहतील. चेहरा घट्ट करू नका. तो नकार आता येत नसेल तर त्यांना दिसेलच. अजून येत असेल, अगदी थोडा जरी, तर तोंडाने सांगा, इनाम कितीही मोठं असलं आणि कुस्तीची तारीख ठरून गेली असली तरीही.